कंपनीचं धोरण आणि पुरवठा साखळी: सांगली-मिरज-कुपवाड परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड, मिरज, पलूस, तासगाव भागातले छोटे-मध्यम कारखानदार आणि व्यापारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतणारा कारखाना), मशीन शॉप (ओतलेले भाग यंत्रावर मापात आणणारा कारखाना), हळद आणि बेदाणा यांची उदाहरणं जास्त आहेत, कारण विचारणारे बहुतेक याच धंद्यांतले आहेत. हिशोबातल्या रकमा समजावण्यापुरत्या घेतल्या आहेत. तुमच्या वहीतले आकडे घालून तोच हिशोब पुन्हा करा.

पुरवठा साखळीत नेमकं काय काय धरायचं?

कच्चा माल कुणाकडून, किती आणि कधी घ्यायचा, तो कुठे ठेवायचा, कोणतं काम आपण करायचं आणि कोणतं जॉबवर्कला (बाहेरच्या कारखान्याकडून मजुरीवर करून घ्यायला) द्यायचं, तयार माल कसा पोचवायचा, हे सगळं त्यात येतं. पैशाची ये-जाही त्यातच येते. ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सप्लायरला किती दिवसांनी पैसे देता आणि पार्टीकडून किती दिवसांनी मिळतात, यावर बाकीचे निम्मे निर्णय ठरलेले असतात.

धोरण वगैरे मोठ्या कंपन्यांना. आमचा चाळीस माणसांचा कारखाना. आम्हाला त्याचं काय?

धोरण कागदावर लिहिलेलं नसेल, पण ते असतंच. ग्राहक शेजारच्या शेडमध्ये न जाता तुमच्याकडे का येतो? रेट कमी म्हणून, वेळेत माल देता म्हणून, रिजेक्शन येत नाही म्हणून, की दुसरं कुणी करत नाही असं अवघड कास्टिंग (ओतीव भाग) तुम्ही करता म्हणून? या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणजे तुमचं धोरण. मग पुढचा प्रश्न विचारायचा: आपली खरेदी, आपला साठा आणि आपली वाहतूक त्या उत्तराला धरून चालते का?

याच जिल्ह्यातलं जुनं उदाहरण बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला. जागा औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिली आणि रेल्वे शेजारून जात होती. विकायचा होता शेतकऱ्याला लोखंडी नांगर. लोखंड, कोक (भट्टीचा कोळसा) अशा जड मालाला रेल्वे जवळ हवी आणि गिऱ्हाईक तर भोवतीच्या शिवारात. जागेचा तो निर्णय पुरवठ्याचाही होता आणि धंद्याच्या दिशेचाही. माणसं किती आहेत, याचा इथे संबंध येत नाही.

आम्हाला स्वस्तही द्यायचंय आणि ताबडतोबही. एकच का निवडायचं?

दोन्ही थोडं थोडं जमतं, पण दोन्हीत पहिला नंबर जमत नाही, कारण दोन्हीचा खर्च वेगवेगळ्या ठिकाणी पडतो. स्वस्त द्यायचं तर मशीन सतत चालू हवं, लॉट मोठा हवा, गाडी भरून जायला हवी. ताबडतोब द्यायचं तर मशीनला थोडी सवड हवी, माल शिल्लक हवा आणि प्रसंगी अर्धी गाडीही सोडावी लागते.

मार्शल फिशर या अमेरिकी प्राध्यापकांनी १९९७ मध्ये याची सोपी विभागणी मांडली. ज्या मालाची मागणी ठरावीक असते आणि नफा कमी असतो, त्याची साखळी काटकसरीची असावी. ज्या मालाची मागणी सांगता येत नाही पण नफा चांगला असतो, त्याची साखळी चपळ असावी. घोटाळा होतो तो उलटं केल्यावर. पंपाचं नेहमीचं कास्टिंग घाईच्या भाड्याने पाठवणारे आणि निर्यातीच्या नव्या पार्टीला ‘लॉट भरू दे’ म्हणून थांबवणारे, असे दोन्ही प्रकार आपल्याकडे एकाच गेटच्या आत दिसतात.

तत्पर सेवेची किंमत साठ्याच्या गणितातही दिसते. मागणीतले चढउतार नेहमीसारखे असतील, तर शंभरातल्या ९५ वेळा माल हजर ठेवायला जितका राखीव साठा लागतो, त्यापेक्षा ९९ वेळांसाठी सुमारे ४० टक्के जास्त लागतो. हे ९९ तुमच्या ग्राहकाला खरंच हवंय का आणि त्याचे पैसे तो देतो का, हे विचारल्याशिवाय तसा शब्द देऊ नका.

सप्लायर म्हणतो, तीन महिन्यांचा माल एकदम उचला, दोन टक्के सूट देतो. घ्यावा का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

समजा महिन्याला ४ लाखांचा माल लागतो. तीन महिन्यांचा १२ लाखांचा. दोन टक्के म्हणजे २४ हजार वाचले. आता दुसरी बाजू. दर महिन्याला घेत होता तेव्हा गोदामात सरासरी २ लाखांचा माल असायचा. एकदम घेतला की सरासरी ६ लाखांचा. म्हणजे ४ लाख रुपये जास्तीचे अडकले. बँकेचं व्याज, जागा, विमा, गंज, हाताळणी धरून वर्षाला १८ टक्के खर्च पकडला, तर तीन महिन्यांचे १८ हजार होतात. हातात राहिले ६ हजार. त्यात ग्राहकाने ड्रॉइंगमध्ये एक बदल केला आणि थोडा माल डेड स्टॉकमध्ये गेला, की ते सहा हजारही गेले.

ज्याचा धंदाच रेटवर चालतो आणि ज्याचं ड्रॉइंग वर्षानुवर्षं बदलत नाही, त्याने जरूर घ्यावा. त्याला ते ६ हजारही महत्त्वाचे आहेत. नवनवीन नमुन्यांचं काम करून नाव कमावणाऱ्याने मात्र नको म्हणावं. सूट दोघांना एकच मिळते. धोरण वेगळं म्हणून निर्णय वेगळा.

मला खरं बोलायचंय ते त्याच्या पुढचं. बहुतेक कारखान्यांत खरेदी बघणाऱ्या माणसाला वर्षाअखेरीला एकच विचारलं जातं: रेट किती पाडलास? मग तो ती सूट घेणारच, त्याचा दोष नाही. मालक बाहेर सांगतो, ‘आम्ही वेळेला पक्के’, आणि आत माणसाला मोजतो स्वस्ताईवर. खरेदीवाल्याला कोणत्या आकड्यावर शाबासकी मिळते, तेच कंपनीचं खरं धोरण होऊन बसतं. भिंतीवर काय लिहिलंय ते कुणी बघत नाही. वेळेवर माल देणं हे तुमचं बळ असेल, तर कच्च्या मालाअभावी किती तास मशीन थांबलं, हा आकडा खरेदीवाल्याच्या नावावर लिहा. वर्षभरात सप्लायरची यादी आपोआप बदललेली दिसेल.

साठा नक्की किती ठेवायचा?

मागणीइतकाच, पुष्कळदा त्याहूनही जास्त, तो सप्लायरच्या बेभरवशावर अवलंबून असतो. समजा रोज १०० नग लागतात आणि माल यायला सरासरी १० दिवस लागतात. सप्लायर तीन-तीन दिवस मागेपुढे करत असेल, तर ९५ टक्के वेळा माल हजर ठेवायला साधारण ५०० नग जादा ठेवावे लागतात. तोच एका दिवसापलीकडे हलत नसेल, तर १६५ नग पुरतात. दोघांचे सरासरी दिवस सारखेच आहेत. म्हणून ‘किती दिवसांत देतोस’ याबरोबर ‘सांगितलेला दिवस किती वेळा पाळलास’ हेही वहीत लिहीत जा. दोन रुपये महाग पण दिवस पाळणारा सप्लायर पुष्कळदा स्वस्त पडतो.

मोठी कंपनी शेड्यूल दर आठवड्याला बदलते. आम्ही धोरण आखून काय उपयोग?

ही अडचण खरी आहे आणि फाउंड्रीवाल्यांना ती सर्वांत जास्त भोगावी लागते. ट्रॅक्टरचं उदाहरण घ्या. पाऊस चांगला झाला आणि नवरात्र-दिवाळीला खरेदी थोडी वाढली, की डीलर जरा जास्त मागवतो. कंपनी त्यावर आपला अंदाज चढवते, मशीन शॉप त्याच्यावर आपली सुरक्षितता चढवतं, आणि फाउंड्रीपर्यंत येता येता मूळच्या लहानशा वाढीची दुप्पट-तिप्पट ऑर्डर झालेली असते. दोन महिन्यांनी तीच लाट उलटी येते आणि भट्टी थंड पडते. साखळीत जो सर्वांत मागे, त्याला धक्का सर्वांत मोठा.

यावर एक उपाय करून बघण्यासारखा आहे. ऑर्डरबरोबर त्यांच्याकडचा शिल्लक साठा आणि आठवड्याचा वापर मागा. मोठ्या कंपन्यांचा खरेदी विभाग सगळ्यांना हे देत नाही, पण नियमित सप्लायरने लेखी मागितलं तर पुष्कळदा मिळतं. ऑर्डर वाढली आणि वापर वाढला नाही असं दिसलं, तर पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) आणि कोक जास्तीचा भरू नका.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. एकाच ग्राहकावर निम्म्याहून जास्त धंदा असेल, तर तुमचं धोरण त्याच्या टेबलावर ठरतं. शेती, पंप, व्हॉल्व्ह, वाहन अशी वेगवेगळ्या हंगामांची कामं घेतली तर लाटा एकमेकींना थोड्या कापतात. त्यासाठी पॅटर्न (साचा बनवायचे नमुने) आणि माणसं तयार करायला दोन-तीन वर्षं जातात, त्यामुळे हे मंदी येण्याआधी सुरू करावं लागतं.

आमचा धंदा हळदीचा. माल वर्षातून एकदाच येतो, विक्री बारा महिने. आमचं धोरण काय असणार?

तुम्हीच सर्वांत आधी ठरवायला हवं, कारण तुमचा वर्षाचा निर्णय तीन-चार महिन्यांत होऊन जातो. साधारण फेब्रुवारीपासून उन्हाळाभर सांगलीच्या मार्केट यार्डात आवक असते. त्या काळात सौद्यात (यार्डातल्या लिलावात) काय उचललं, त्यावर पुढच्या हंगामापर्यंतचं दुकान चालतं.

तुम्ही भावाच्या चढउतारावर कमावणारे व्यापारी आहात, की स्वतःच्या नावाने पुडी विकणारे उत्पादक, हे आधी स्वतःशी स्पष्ट करा. दोन्ही धंदे चांगले आहेत आणि सांगलीने दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या केले आहेत. पण त्यांची खरेदी एकसारखी नसते. व्यापारी भाव पडला की भरतो आणि चढला की काढतो. पुडीवाल्याच्या गिऱ्हाइकाला दर महिन्याला तोच रंग, तोच वास हवा असतो. पुडीवाल्याने भाव चढला म्हणून राखलेला चांगला लॉट विकून टाकला आणि मागाहून हलका माल दळला, तर त्या वर्षी नफा दिसतो आणि पुढच्या वर्षी दुकानदार दुसरी पुडी ठेवतो. असं होताना बघितलं की मनापासून वाईट वाटतं, कारण ते नाव उभं करायला वीस वर्षं गेलेली असतात.

पुडीवाल्याने प्रत्येक लॉट वेगळा ठेवावा, त्यातला कुरकुमीन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक), ओलावा आणि राख तपासून घ्यावी, आणि निर्यात करायची असेल तर कीडनाशकांचे अंशही तपासावेत. काही भाग थेट शेतकऱ्यांशी बोलून ठरवला, तर बेणं, शिजवणं, वाळवणं, पॉलिश यांवर लक्ष ठेवता येतं. सौद्यात समोर आलेल्या ढिगावरून ते कळत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा भाव हवा असेल, तर माल कुठल्या गावातून आला हे पोत्यापोत्यावर सांगता आलं पाहिजे. नाहीतर मानांकन नुसतं पाकिटावर छापलेलं राहतं.

बेदाण्याचंही असंच का?

बरंचसं. फरक एवढाच की चार किलोच्या आसपास द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो आणि तो कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे भाडं रोज चढतं. थांबणं फुकटचं नसतं, हे बेदाण्याच्या व्यापाऱ्याला हळदीवाल्यापेक्षा लवकर कळतं. मिठाईवाले आणि बेकऱ्या यांना दिवाळी आणि रमजानच्या आधी ठरावीक प्रत लागते. ते तुमचं मुख्य गिऱ्हाईक असेल, तर प्रतवारी करून थोडा माल आधीच बॉक्समध्ये तयार ठेवा. घाऊक विकत असाल, तर प्रतवारीचा खर्च कशाला?

सप्लायरचं पेमेंट लांबवलं तर आमचं खेळतं भांडवल वाचतं. त्यात चूक काय?

कायद्याने आता त्याला आवर घातला आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे असतात, आणि ती तारीख ४५ दिवसांपलीकडची असू शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. वित्त कायदा २०२३ ने आयकरात ४३ बी (एच) ही तरतूद आणली. ती निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजा मिळतो. मार्चअखेरीला थकबाकी राहिली, तर नफा कागदावर फुगतो आणि त्यावर कर भरावा लागतो. पुरवठादाराची उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का आणि तो कोणत्या गटात येतो, हे आपल्या सीएंकडून तपासून घ्या. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढाल अशी वाढली आहे, त्यामुळे पूर्वी बाहेर असलेले काही जण आता आत आले आहेत.

तुमचे स्वतःचे पैसे मोठ्या कंपनीकडे अडकत असतील, तर ट्रेड्स या बिल वटवण्याच्या मंचाकडे बघा. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची आहे.

कायद्यापलीकडचीही गोष्ट आहे. कुपवाडमधल्या जॉबवर्कवाल्याला तुम्ही चार महिने फिरवलंत, तर तुमच्या घाईच्या वेळी त्याचं मशीन दुसऱ्याच्या कामात असणार. वेळेवर माल देणाऱ्या कंपनीने वेळेवर पैसे द्यावेत. ते त्याच धोरणाचं दुसरं टोक आहे.

एकच सप्लायर ठेवावा की दोन?

ज्या वस्तूवाचून लाइन बंद पडते, तिला दोन. बाकीच्यांना एक भरवशाचा पुरे. दोन ठेवले, तर दुसऱ्याला नियमित थोडं काम द्या. फक्त अडचणीत फोन करणाऱ्याला कुणी आधी माल देत नाही. आणि दोघं एकाच नदीकाठी नसतील हे बघा.

पुराचा विचार धोरणात कसा करायचा?

आपल्याकडे तो पहिल्या पानावर हवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं. गणपती पेठेतल्या व्यापाऱ्यांनी पाहिलेलं ते दृश्य पुन्हा सांगायला नको. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच. त्याआधी २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांमध्ये (हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांमध्ये) पाणी शिरलं. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची, आणि त्या पेवांच्या भरवशावर सांगलीचा हळदीचा व्यापार उभा होता. पिढ्यांची साठवणूक पद्धत एका पावसाळ्यात मोडली आणि व्यापार गोदामांकडे वळला.

कारखाना माळावर असला म्हणजे सुटलो, असं समजू नका. २०१९ मध्ये कोल्हापूरशेजारच्या शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. मशीन कोरडं होतं, पण गाडी जाणार कुठून? म्हणून जुलैच्या सुरुवातीला तीन प्रश्न विचारा. कोणता कच्चा माल दक्षिणेकडून येतो आणि तो दोन आठवडे आला नाही तर काय? कोणत्या ग्राहकाची लाइन आपल्यावाचून बंद पडेल? त्याच्यासाठी पुण्याच्या बाजूला थोडा तयार माल आधी ठेवता येईल का? वेळेला पक्के म्हणून नाव असेल, तर जुलै-ऑगस्टचा हा जादा साठा अंगावर घ्यावा. रेटवर धंदा असेल, तर निदान ग्राहकाला आधी कळवून तारखा बदलून घ्या. विम्यात पुराचं कलम आहे का आणि गोदामाचा पत्ता पॉलिसीत बरोबर आहे का, हे मे महिन्यातच पाहून ठेवा.

ऊस हंगामात गाड्या आणि माणसं दोन्ही मिळत नाहीत. काय करावं?

गळीत हंगाम दरवर्षी येतो, त्यामुळे त्याला अडचण म्हणण्यापेक्षा कॅलेंडरचा भाग समजा. वाहतूकदाराशी दिवाळीआधी बोला, दर महिन्याला किती फेऱ्या नक्की देणार ते सांगा आणि त्या द्या. हंगामात भाडं थोडं जास्त जाईल, ते कोटेशनमध्ये आधीच धरा.

जीएसटी आल्यावर परराज्यातले डेपो बंद करावेत का?

जुलै २०१७ आधी अनेकांनी डेपो उघडले ते केंद्रीय विक्रीकर (परराज्यातल्या विक्रीवरचा कर) वाचवण्यासाठी. तो हेतू संपला. आता डेपो ठेवायचा तो ग्राहकाला लवकर माल देण्यासाठीच. आपण सीमेवर आहोत. अथणी, विजयपूर, बेळगाव हाकेवर आहेत. मिरजेतून गाडी एका दिवसात पोचत असेल, तर तिकडे वेगळा साठा ठेवून पैसे अडकवू नका. स्पेअर पार्ट विकत असाल आणि गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून माल मागत असेल, तर डेपो ठेवा.

सॉफ्टवेअर घेतलं की हे सगळं जुळेल का?

नाही. आधी गोदामातला माल आणि रजिस्टर जुळवा. तोवर साधी एक्सेल शीट पुरते.

खरेदी काका बघतात, विक्री मी बघतो. रोज वाद होतात. मार्ग काय?

घरच्या धंद्यात हा प्रश्न सगळ्यांत नाजूक. काकांनी अडचणीच्या काळात पै-पै वाचवून कारखाना जगवला. त्यांची काटकसर त्या काळाचं धोरण होतं, आणि बरोबर होतं. तुम्ही आज निर्यातीच्या मागे आहात. वाद स्वभावांचा वाटतो, पण खरं तर दोघं दोन वेगळ्या धोरणांवर कारखाना चालवता आहात. ‘काका, तुमचं चुकतंय’ म्हणून तो सुटणार नाही.

महिन्यातून एकदा तिघं बसा: काका, तुम्ही आणि हिशोब बघणारे. समोर तीनच आकडे ठेवा. ठरल्या तारखेला पूर्ण गेलेल्या ऑर्डरी शंभरात किती. गोदामात किती दिवसांचा माल. आणि पैसा किती दिवस बाहेर अडकतो. तिसरा असा काढा: माल ६० दिवस पडून, पार्टीकडून पैसे ७५ दिवसांनी, सप्लायरला देता ४५ दिवसांनी, म्हणजे ६० अधिक ७५ वजा ४५, म्हणजे ९० दिवस. रोजचा खर्च १ लाख असेल, तर साधारण ९० लाख कायम अडकलेले. हा आकडा समोर आला की काकांना तुमची उधारीची विक्री दिसते आणि तुम्हाला त्यांचा भरलेला माल दिसतो. त्यानंतर कोणत्या ग्राहकासाठी किती अडकवायचं, हे बोलता येतं.

एकाच कारखान्यात दोन प्रकारच्या साखळ्या चालवता येतात का?

येतात, आणि मध्यम कारखान्यांना बहुधा चालवाव्याच लागतात. नेहमीच्या मालाला वेगळं मशीन किंवा निदान वेगळे दिवस ठरवा. घाईच्या, चांगल्या नफ्याच्या मालासाठी आठवड्यातली एखादी शिफ्ट मोकळी ठेवा आणि ती रिकामी गेली तरी कुणाला बोल लावू नका. दोन्हींचा नफा वेगळा लिहा. एकत्र लिहिला की नेहमीच्या मालाच्या जिवावर घाईचा माल जगतोय की उलटं, हे वर्षभर कळत नाही.

सुरुवात कुठून करू?

उशिरा गेलेल्या शेवटच्या वीस डिस्पॅचची चलनं काढा. प्रत्येकासमोर एका ओळीत कारण लिहा: माल आला नाही, मशीन बिघडलं, जॉबवर्क अडकलं, गाडी मिळाली नाही, पेमेंटमुळे सप्लायरने थांबवलं. मग सर्वांत चांगल्या तीन ग्राहकांना फोन करा आणि ते तुमच्याकडून का घेतात, हे विचारा. विक्रीवाल्याला करायला लावू नका, मालकाने स्वतः करावा. ही दोन पानं समोरासमोर ठेवली की कोणता निर्णय आधी बदलायचा, ते त्याच दिवशी दिसतं.